तीन डेसिबल

मायक्रोफोनला काळ्या स्पंजाची टोपी चढवली,
कॅलिब्रेटर लावून पाहिला : चौऱ्याण्णव.
यंत्र खरं बोलतंय.
तिबिलिसी, पहाटेचे पाच चाळीस,
उताराच्या रस्त्यावर ओतिया आजोबांची गॅलरी,
टोमॅटोची रोपं जुन्या मोज्यांच्या चिंध्यांनी
गजाला बांधलेली.

सूत्रात मी सगळं घातलंय :
तासाला गाड्या किती, त्यांत जड किती,
वेग, डांबराचं वय, उताराचा कोन,
समोरच्या भिंतीवर आपटून परतणारा आवाजसुद्धा.
सूत्र म्हणतं, एकाहत्तर.
यंत्र म्हणतं, अडुसष्ट.

तीन म्हणजे थोडे नव्हेत.
तीन म्हणजे निम्मी वाहतूक.
रोज पहाटे निम्म्या गाड्या
माझ्या कागदावरून कुठे जातात?

वायर बदलली. मंगळवारी मोजलं, बुधवारी मोजलं.
ऑफिसात दारेजान म्हणाली,
"नेस्तान, खोडून टाक तो ठिपका.
एवढ्या मोठ्या नकाशात
कोण कान देऊन बघणार आहे?"

गुरुवारी आजोबा चहा घेऊन आले.
डावा कान ट्रकच्या इंजिनानं कधीच नेला,
बोलणाऱ्याकडे उजवा करून उभे राहतात.
म्हणाले, "ऐकू नकोस. खाली बघ."

वळणावर पिवळी मार्शुत्का आली,
बारा-पंधरा डोकी, काचेला टेकून झोपलेली,
आणि वळणावरच
गप्प झाली.
इंजिन बंद. न्यूट्रल.
नुसतं वजन खाली निघालं,
टायरांची खरखर,
शेजारी कुणी कूस बदलावी इतकीच.
तिच्यामागे दुसरी. मग एक टॅक्सी.
थेट बाजारापर्यंत घरंगळत,
घोटभर पेट्रोल वाचवत.

"ब्रेक लागणार नाहीत अशानं," मी म्हटलं.
"नाहीच लागत," आजोबा म्हणाले.
"आमचा जुमबेरही असाच उतरायचा."

त्या 'यचा'च्या पुढे
मी काही विचारलं नाही.
आकडा अडुसष्टवरून बासष्टवर आला,
परत चढला.
आजोबांनी एका रोपाची सैल गाठ सोडून
पुन्हा बांधली.

शेऱ्याच्या रकान्यात चार शब्द मावतात.
लिहिलं : उतार. इंजिन बंद. पेट्रोल.
चौथा सुचेना.

पगार वाढले,
पेट्रोल चार पैशांनी उतरलं,
की ही गल्ली तीन डेसिबलनं कलकलेल
आणि माझा अंदाज
बरोबर येईल.