एकशे त्रेचाळीस

आजोबा गेले तेव्हा सगळ्याची वाटणी झाली:
उतारावरची जमीन, ऑलिव्हची अठ्ठावीस झाडं,
खेचराचं खोगीर (खेचर आधीच मेलं होतं),
आणि अंगणाच्या मधोमध भिंत आली, कमरेएवढी.
टोमॅटोचं यंत्र तेवढं चिरता आलं नाही.
बिडाचं, जड, हाताने फिरवायचं,
एका तोंडातून रस, दुसऱ्यातून साली आणि बिया.

मग ठरलं, ऑगस्टचा पहिला पंधरवडा जेरार्दोकाकाचा,
दुसरा आमचा.
नऊ वर्षं यंत्र भिंतीवरून ये-जा करत राहिलं
घासूनपुसून, जाळीत एकही बी न ठेवता.
भांडणातसुद्धा आमचं घराणं स्वच्छ.

त्या वर्षी जूनमध्ये गारा पडल्या.
रोपं झोपली. दोघांनीही पुन्हा लावली,
दोघांचीही एकाच आठवड्यात पिकली, आणि तीही
सप्टेंबरात.
सप्टेंबर कुणाच्याच वाटणीत नव्हता.

टोमॅटो जिन्यावर, टोमॅटो पलंगाखाली,
टोमॅटो आजोबांच्या पत्र्याच्या टबात.
वुल्तुरे डोंगरावरून गरम वारा सुटलेला.
आणखी एक दिवस, आणि सालींनी आपणहून तोंड उघडलं असतं.
बाबांनी यंत्र उचललं आणि सरळ भिंतीवरच बसवलं,
दांडा काकाच्या बाजूला,
तोंड आमच्या.

"काकाला सांग, पाणी उकळलंय."
काका हातभर अंतरावर.
"बापाला सांग, ऐकू आलं."
मी बारा वर्षांची, त्या दोघांमधली तार.
जे म्हणाले ते पोचवायचे,
कधी कधी थोडं जास्त.
"काका, बाबा म्हणतात, तुमचे टोमॅटो यंदा गोड आहेत."
बाबा असलं काही म्हणाले नव्हते.
काकाचा दांडा अर्ध्यावर थांबला.
यंत्रातून एक लाल थेंब लोंबला, पडेना.
"सांग त्याला," काका म्हणाला, "बी एकाच आईचं आहे."
हे मी पोचवलं नाही.
बाबांना ऐकू आलंच होतं.

आई आणि तेओदोराकाकू पालथ्या खोक्यांवर बसून
देठं काढत होत्या, कोपरापर्यंत लाल.
त्या दोघी नऊ वर्षं नळावर रोज बोलत होत्या.
हे दोघा भावांना ठाऊक होतं,
आणि ठाऊक नसण्याचं काम ते नेटाने करत होते.

बिअरच्या बाटल्या, वर्षभर खानावळीतून मागून आणलेल्या.
तळाशी बेसिलचं एक पान,
मग रस, गळ्याशी दोन बोटं जागा सोडून.
झाकणं ठोकायला काका.
मोठ्या पिंपात जुनी पोती, बाटल्या, पुन्हा पोती,
वर पाणी, खाली गेल्या साली छाटलेल्या फांद्यांचा जाळ.
एकशे चव्वेचाळीस.
बहात्तर-बहात्तर, बाबा हवेला म्हणाले.
हवेने मान डोलावली. हवा म्हणजे काका.

रात्री पिंपात काहीतरी फुटलं.
दोन दारं एकदम उघडली,
दोन बनियनं, दोन कंदील,
पिंपाच्या दोन बाजूंनी वाकलेली एकसारखी टकलं.
पाणी हळूहळू गुलाबी होत होतं.
कुणीच "तुझी" म्हणालं नाही.
कसं म्हणणार? रस तर केव्हाच मिसळला होता.

सकाळी एकशे त्रेचाळीस.
काकाने एकाहत्तर नेल्या, बाबांनी एकाहत्तर.
उरलेली भिंतीवर राहिली.
तिच्याशेजारी यंत्र, धुतलेलं,
पण ते नंतर आत गेलं. कुणाच्या आत, ते आता आठवत नाही.
बाटली राहिली. ऑक्टोबरचं धुकं, डिसेंबरचं बर्फ,
पांढरी टोपी घालून ती उभी.
जाता-येता दोघेही तिच्याकडे न बघता बघायचे.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती नव्हती.
दुसऱ्या सकाळी होती:
रिकामी, घासलेली, पालथी घातलेली,
काचेला आतून एक पान चिकटलेलं,
काळं पडलेलं.

आमच्याकडे त्या रात्री बटाटे होते,
असं आई म्हणते.
काकाकडे काय होतं
हे विचारायला
मला कुणीही पाठवलं नाही.