घरात आणखी कोण

आई फोनवर, स्पीकर चालू. मी जिन्यात,
हातात कामावरचे ओले बूट.
‘घरात आणखी कोण राहतं?’
‘डॅरन. मुलगा. मार्चमध्ये आला.’
‘त्याला कधी शिक्षा?’

नाही म्हणाली असती तर स्वस्तात सुटली असती,
मग एखाद्या जानेवारीत पाइप फुटला की
त्यांनी नेमकं तेच उकरून काढलं असतं.

‘झाली. चौदा महिने. भोगून आलाय.’

हप्ता तिप्पट.
संडरलंडच्या या घरात चोरण्याजोगं काय,
एक टीव्ही, आणि बाबांचं घड्याळ
जे मीच एकदा गहाण टाकलं होतं;
तिनं सोडवून आणलं, बोलली नाही.

वहीतलं अकरावं नाव तिनं खोडलं,
बारावं फिरवता फिरवता म्हणाली,
बूट बाहेर ठेव. लादी आत्ताच पुसलीय.