पत्ता

पत्त्याची चौकट रिकामी ठेवायची नाही, असा वरून हुकूम.
म्हणून मी लिहिलं:
कामागासाकी, ओसाका.
गल्लीच्या टोकाला शीतपेयांचं यंत्र आहे,
त्याची पाठ.
तिथून रात्रभर ऊब येते.

रोज सकाळी सातला कुरामोतो आ करतात.
चार गोळ्या, घोटभर बार्लीचा चहा,
मग जीभ वर.
"गिळल्या, बघ. चोर नाही मी."
शहरातले निम्मे पूल यांनीच बांधले, म्हणे.
असेल, नसेल.
तळहातावरच्या भेगांत सिमेंट मात्र अजून आहे.

एकशेबाराव्या दिवशी जागा रिकामी.
पुठ्ठा नीट घडी घालून भिंतीला टेकवलेला.
त्या घडीनंच पोटात गोळा आला.
बाग, देऊळ, मजुरांचा नाका,
सगळं पालथं घातलं,
खिशात गोळ्या खुळखुळत होत्या.

सापडले आमच्याच दवाखान्याच्या पायरीवर,
वैतागलेले.
"किती उशीर!
हा तेत्सुहिरो. तीन आठवडे खोकतोय,
रात्री घामानं भिजतो.
माझंही असंच सुरू झालं होतं."
शेजारी एक पोरगेलासा, मान खाली,
एका पायात चप्पल, एका पायात बूट.

मी नवा कागद काढला.
नाव. वय.
पत्त्यापाशी पेन थांबलं.

"लिही की," कुरामोतो म्हणाले,
"माझ्या शेजारी."