बी.एस्सी. भाग एक, सूचना

बसा. मागच्या बाकावरचे पुढं या,
चावत नाही मी.
पहिल्या तासाला मी धडा घेत नाही,
नियम सांगते. लिहून घ्या.

हजेरी पंचाहत्तर टक्के.
बाजारभोगावची एसटी आलीच नाही, हे कारण चालेल.
रंकाळ्यावर बसलो होतो, हेही चालेल, एकदा.
खोटं चालणार नाही.

प्रयोगशाळेत बूट घालून यायचं.
करकरणाऱ्या चपला कितीही देखण्या असोत,
दाराबाहेर राहतील.
आम्ल सांडलं की ते विचारत नाही
हे कातडं म्हशीचं की तुमचं.

मायक्रोस्कोपला मोबाइल टेकवून फोटो निघतो,
मला माहीत आहे.
आधी डोळा टेकवा.
आणि दिसेल तेच काढा.
पुस्तकातली पेशी पुस्तकाची.
दरवर्षी कुणीतरी हवेचा बुडबुडा काढतं,
काळ्याभोर काठाचा, गोल गरगरीत,
आणि शेजारी बाण मारून लिहितं: केंद्रक.
त्याला मी अर्धा गुण देते.
निदान त्यानं पाहिलेलं असतं.

आता जर्नल.
रेघी पानावर पेन, कोऱ्या पानावर पेन्सिल.
आकृती पेन्सिलीनं, नावंही पेन्सिलीनं,
शेडिंग नाही, ठिपके.
का, म्हणून विचाराल.
माझ्या मॅडमना मीही विचारलं होतं,
त्या म्हणाल्या, पद्धत आहे.
एकोणीस वर्षं मीही तेच सांगत आले.

मग एका ऑगस्टात
बंधाऱ्यावर पाणी किती फूट, एवढंच गाव विचारत होतं.
कॉलेज बंद. चिखलीची माणसं
गुरं सोडून, भांडी सोडून शाळांच्या वर्गात.
परतल्यावर सानिका वरुटे आली,
प्लॅस्टिकच्या पिशवीत जर्नल घेऊन,
पाव भिजावा तसं फुगलेलं.
माळ्यावर ठेवलं होतं मॅडम,
पाणी माळ्यावर पण आलं.
उशिरा दिलं तर गुण जातात ना?

इलाहीभाईंनी ते हर्बेरियमच्या प्रेसमध्ये घातलं,
पाना-पानात टिपकागद, वर दोन विटा,
रोज कागद बदलत आठ दिवस,
जसा आपण घाणेरीचा पाला वाळवतो.
नवव्या दिवशी उघडलं.
रेघी पानांवर निळं आभाळ होतं नुसतं,
उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष
एकमेकांत विरघळून गेलेले.
आणि समोरच्या कोऱ्या पानावर
कांद्याच्या सालीच्या पेशी,
विटांच्या भिंतीसारख्या,
भिंत जागच्या जागी.
केंद्रक जागच्या जागी.
एका कोपऱ्यात एक बुडबुडाही,
त्याला तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: बुडबुडा.

मी सही करायला पेन उघडलं
आणि परत टोपण लावलं.
पेन्सिलीनं केली सही, तारखेसकट.
ऑफिसनं जर्नल परत पाठवलं,
सर्टिफिकेटवर शाईचीच सही लागते म्हणे.
म्हणून तिच्या एकाच पानावर माझ्या दोन सह्या आहेत,
एक दुसरीवर चढलेली.

त्या पंधरा दिवसांच्या हजेरीचं काय केलं
ते मी तुम्हाला सांगणार नाही.
तो नियमात बसत नव्हता, एवढंच लिहा.
नाही, लिहू नका ते. खोडा.

काय? हो, तुम्ही, खिडकीपाशी.
पेन्सिल एचबी चालेल.
टोक करायचं ते डस्टबिनमध्ये, बेसिनमध्ये नाही,
नळ तुंबला की इलाहीभाई माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीत.

अजून वीस मिनिटं आहेत.
एवढ्यात जाऊन काय करणार, पाऊस आहे.
इलाहीभाई, कांदा आहे का एखादा?
आणि ब्लेड.