इस्त्री फिरवू नका

जानेवारीतला मंगळवार. लेस्टरला, बेलग्रेव्ह रोडवर, चिटपाखरू नाही.
दाराची घंटी वाजली तेव्हा मी हीटरला पाय लावून
पिनांचा डबा निवडत होते.

आधी मधुकांताबेन आत आल्या, मग त्यांची ओली छत्री,
मग झंखना. कानांपर्यंत ओढलेली लोकरीची टोपी,
कोट काढला तरी तिनं ती काढली नाही.

“पानेतर मामाकडून आलंय,” आई म्हणाली.
“डोक्यावरची ओढणी तेवढी राहिलीय.
जाड दाखवा. चांगली जाड.”

सवयीनं मी काढत गेले.
जरदोजीची, दीड किलोची,
ती घेऊन चार फेरे म्हणजे पाठीवर दळण.
टिश्यूची, खुर्चीवर नुसती टाकली तरी
कुणी बसलंय असं वाटणारी.
नेटची मी घडीतच ठेवली.

“पिना किती लागतात?” झंखनानं विचारलं.
“चौदा. आठ अंबाड्यात, तीन तीन कानांमागे,
आणि केस दाट असतील तर…”
सव्वीस वर्षं हेच बोलतेय मी.
तिनं टोपी काढली.

अर्ध्या पेराएवढे केस,
वाफ्यात नुकत्याच वर आलेल्या मेथीसारखे,
अजून कुठल्याच बाजूला न वळलेले.
चौदा हा आकडा कुठे ठेवावा मला कळेना.
“विग आहे,” आई खिडकीबाहेरच्या बसला म्हणाली.
“खाजतो,” झंखना म्हणाली.

मग मी खालचा खण उघडला.
भुजहून आलेली बांधणी, अजून गाठींतच,
मूठभर, लाल, वाळल्या मिरचीसारखी आक्रसलेली.
गिऱ्हाइकासमोरच सोडायची असते ती,
म्हणजे छापील नाही याची खात्री पटते.
एक टोक तिच्या हातात दिलं, एक माझ्या.
“ओढ. फाटत नाही.”

तड तड तड तड,
मोहरी फुटावी तशा गाठी सुटत गेल्या.
दोरे गालिचाभर.
ती मागे मागे सरकत साड्यांच्या कपाटाला टेकली
आणि हसली, मोठ्यानं.
मधुकांताबेननं वळून पाहिलं.
बस केव्हाच गेली होती.

डोक्यावर घातली तर घसरली नाही.
ठिपक्याठिपक्याला आलेल्या उभारानं
ते बारीक केस धरून ठेवले,
की केसांनी तिला, कोण जाणे.
तरी म्हटलं, आतून मखमलीची पट्टी लावून देते.

“पातळ आहे गं. दिसेल.”
“काय दिसेल, मम्मी?”
आरशातल्या तिघींपैकी कुणीच बोललं नाही.
मी टेप गुंडाळत राहिले, सरळ होती तरी.

पिशवी देताना नेहमीचंच सांगितलं,
इस्त्री फिरवू नका, गाठींच्या खुणा जातात,
मग ती कुठलीही ओढणी होते.

संध्याकाळी गालिचा झाडला.
एक दोरा दारापाशी सापडला, एक पायरीवर,
आणि एक पार बसस्टॉपपाशी,
कुणाच्या तरी ओल्या टाचेला चिकटून गेलेला.