ओहोटी दुपारी साडेतीन

फळ्यावर मोझाबाई लिहितात, अरबी उजवीकडून, इंग्रजी डावीकडून,
मधोमध दोन्ही ओळी एकमेकींना अडखळतात.
ऑक्टोबर, बी रोवणे. डिसेंबर, रोहित मोजणे.
फेब्रुवारी, चिखलातली चाल, सहा वर्षांवरील मुलांसाठी.
नावनोंदणी आवश्यक. चहा मोफत.

मी बूट देतो. एवढंच माझं खातं.
सव्वीसपासून पंचेचाळीसपर्यंत, रबरी,
आधी आत हात घालायचा, कोणी राहायला आलं नाही ना,
मग टाचेवर टिचकी मारून पुढे करायचे.
शुक्रवारी दोह्याहून बस येते अल खोरला,
मी पाय बघतो, नंबर सांगतो.
अकरा हिवाळ्यांत चुकलो असेन तीनदा.

त्या शुक्रवारी बाईंचा घसा बसला,
बोलायला गेल्या की नुसती वाळू.
बस तर आली, इद्रिस म्हणाला.
चौतीस पोरं, सहा आया.
बाईंनी माझ्याकडे बोट केलं.
माझ्या हातात एकोणतीस नंबरचा डावा.

मी काय सांगणार? माझं इंग्रजी बुटांपुरतं,
अरबी त्याहून दोन नंबर लहान.
तरी उतरलो. पाणी लांब गेलेलं,
चिखलाचा वास थेट देवगडच्या खाडीचा,
तुतवार पळत होते तेही तसेच,
उशीर झालेल्या कारकुनासारखे.

एका फांदीपाशी थांबलो, पान चाटलं.
पोरं बघत राहिली. मग त्यांनीही चाटलं.
मिल्ह! ओरडली रीमास नावाची मुलगी, मीठ!
झाड समुद्र पितं, मीठ पानावाटे टाकतं,
हे मी हातांनी सांगितलं, घट घट घट, आणि थू.
थू सगळ्यांना आवडलं.
मग नाक दाबून दाखवलं, गुदमरलो,
आणि चिखलातून वर आलेल्या त्या हजार बोटांकडे हात केला.
परतताना चौतीस पोरं टाचा उचलून,
मुळं चुकवत, नाकं दाबून चालत होती.

वाटेत एकाने विचारलं,
तुमच्याकडे याला काय म्हणतात?
अकरा वर्षांत नंबराखेरीज
कोणी मला काही विचारलं नव्हतं.
तिवर, म्हणालो.

हे नाही सांगितलं, की मी तो तोडलाय.
बापाबरोबर, होडीतून, ओहोटी बघूनच.
मोळीला बारा रुपये, बेकरीवाला रोख द्यायचा.
कोयता बसला की आत फिकट, ओलसर,
आणि कुर्ल्या पळायच्या आमच्या पायांवरून.
घट घट नाही, थू नाही,
त्या गोष्टीचा हातवारा मला अजून सापडलेला नाही.

पुढच्या शुक्रवारी झाडाखालच्या पाटीवर
लॅटिन नावाखाली, कुर्मखाली,
बाईंनी निळ्या रंगात तिसरी ओळ घातली होती.
इद्रिसने वाचून दाखवली: तिफर.
अरबीत व नाही.
असू दे, म्हटलं.
मी तरी इथे विश्रामचा फिश्रामच आहे.

एप्रिलात फळा पुसला. रोहित उत्तरेला गेले,
बाई सुट्टीवर, इद्रिस पोर्ट सुदानला.
बूट धुतले, सावलीत वाळवले, उन्हात रबर तडकतं.
सव्वीसचा उजवा मिळेना.

जूनमध्ये मिळाला. सत्तेचाळीस अंश,
मी डोक्याला ओला पंचा बांधून कडेपर्यंत गेलेलो.
मुळांमध्ये अडकलेला, निम्मा गाळाने भरलेला,
आणि आत एक कुर्ली, नांगी उगारून,
घरमालकिणीच्या थाटात.

हात पुढे केला होता. मागे घेतला.
वहीत लिहिलं:
सव्वीस, उजवा. बाहेर दिलेला आहे.