गिरणीमागची बाट

रविवारी सहाला अशोक चौकातून निघालो,
मी, मल्लिनाथ हत्तुरे, त्याची आठवीतली भाची,
पॉलिटेक्निकचा जिलानी नदाफ,
आणि बिट्ला सर, जे निवृत्त झाल्यापासून
पावलं मोजल्याशिवाय दूध आणायलाही जात नाहीत.
फोन दर सेकंदाला एक ठिपका टाकतो.
आपण फक्त चालायचं.

वरून काढलेल्या चित्रात
गिरणीचे पत्रे दिसतात, धुराडं दिसतं,
धुराड्याची सावली तर फारच छान दिसते.
बाभळीखालून कोण कुठं जातं
ते बघायला खालीच यावं लागतं.

'काय मोजायलाव बे?' कट्ट्यावरनं एक जण.
महापालिकेचे का?
नाही.
बिल्डरचे?
नाही ओ, नकाशा आहे, सगळ्यांसाठी, फुकट.
मग तुम्हाला कोण देतंय?
कोणीच नाही म्हटल्यावर
त्याचा संशय पक्का झाला.

प्रभागाची हद्द नरसम्मा येमूलच्या घरातून जाते.
गॅस एका प्रभागात, मोरी दुसऱ्यात.
मोरी तुंबली की दोन्हीकडचे
पलीकडे बोट दाखवतात.
'मी मधे बसून विड्या वळते,' म्हणाली.
बिट्ला सरांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.
रेघ खरंच तिच्या मांडीवरच्या सुपातून जात होती.

मग तिनं सुपावर फडकं टाकलं,
वळलेल्या विड्यांची पाटी कमरेला लावली.
'कारखान्यात माल द्यायचाय. या मागं. बाट दाखवते.'
तिची बाट, माझी वाट.
एका अक्षराचं अंतर, आणि मी
चाळीस वर्षं याच शहरात.

गटारीवरची फरशी,
सायझिंगच्या शेडची मागची बाजू,
दोन दगड, त्यातला एक हलणारा,
आणि मग गिरणीच्या भिंतीला भगदाड.
आधी पाटी, मग खांदा, मग बाकीचं माणूस.
भाचीनं पट्टी लावली: अठ्ठेचाळीस सेंटिमीटर.
एका बाजूच्या विटा
हाताच्या उंचीवर गुळगुळीत झालेल्या.
'कधी पडली भिंत?'
'पडली नाही. पाडली.'
'कोणी?'
नरसम्मा तोवर पलीकडे गेली होती.

इथं आमचं भांडण झालं.
मल्लिनाथ म्हणाला, काढू नकोस,
नकाशावर दिसलं की सोमवारी वीट-सिमेंट येईल.
जिलानी म्हणाला, काढ,
उद्या इथं टॉवर उभा राहिला
की म्हणतील, वाट? कुठली वाट?
दोघांचंही मला पटत होतं,
म्हणून मी पाणी प्यायले.
शेवटी भाचीच म्हणाली, आजींना विचारा ना.
विचारलं.
नरसम्मा विड्यांचे कट्टे मोजत होती, थांबली नाही.
'पावसात घसरतं तिथं,' म्हणाली.
'ते लिहा.'

रात्री घरी रेघ उघडली.
लिंबाखाली तिचा चांगलाच गुंता झालेला,
तिथं पाटी टेकवून ती शांतव्वाशी
अकरा मिनिटं बोलत उभी होती,
अर्धं तेलुगूत, अर्धं कानडीत, जावयाबद्दल.
आम्ही चौफेर घुटमळत होतो.
नियम असा की असले गुंते पुसायचे,
वाट वाटेसारखी सरळ ठेवायची.
पुसला.
मूळ फाईल मात्र टाकवली नाही,
ती अजून फोनमध्ये आहे.

मग रकाने.
प्रकार: पायवाट. जमीन: माती.
पावसात निसरडी.
प्रवेश कोणाला, या प्रश्नाशी
मी बराच वेळ बसले.
सर्वांना, परवानगीनं, खासगी.
पाटी घेऊन आडवं होता येतं त्यांना,
असा पर्याय नव्हता.
तो रकाना तसाच सोडला, नावाचाही,
आणि जतन करा वर बोट ठेवलं.

भिंत अजून कोणी बुजवलेली नाही.
परवा सहज पाहिलं तर
माझी रेघ लांबलेली.
कोणीतरी, टोपणनाव फक्त 'चादर२१',
पुढं चाळीस मीटर जोडलेत,
शेडला वळसा घालून, एका नळापर्यंत.
नळाची वेळही लिहिली आहे,
चार दिवसांआड, पहाटे.

तिथं नळ आहे हे मला माहीत नव्हतं.